उकव्याचा दगड

आमची भाची गेल्या वर्षी नागपुरास एम्. एस्सी. च्या वर्गात दाखल झाली आणि तिने विषय घेतला निरिंद्रिय रसायनशास्त्र. ही वार्ता गणगोतात पसरावयास फारसा वेळ लागला नाही. कुलदेवतेच्या उत्सवासाठी आम्ही सहकुटुंब गोव्यास गेलो होतो. आरती आटोपून मंडळी पंगतीची वाट पाहात बसली असता एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांस पृच्छा केली, "वकीलसाहेब, सेंद्रिय म्हटले म्हणजे औषधांचे कारखाने तरी डोळ्यांपुढे येतात. निरिंद्रिय म्हणजे ज्यास इंद्रियेच नाहीत ते. त्यात दोन वर्षे शिकावयाचे तरी काय?" मंडळी हसली, आम्हीही हसलो. शेजारच्या एका बाईंनी आमच्या बहिणीस सल्ला दिला, की पोरीला बी. एड्. करू द्या, स्थळ पाहावयास बरे पडते. बहीण काही बोलली नाही. तिने फक्त आमच्याकडे पाहिले, कारण त्या विषयावर बोलण्याचा अधिकार घरात कोणाचा असेल तर तो आमचा, अशी तिची समजूत आहे.

ती समजूत निराधार नाही. आम्ही वकिलीच्या सनदेपूर्वी बी. एस्सी. ची पदवी घेतली, तीही रसायनशास्त्र घेऊन. पुढे एम्. एस्सी. करावयाचे मनात होते, परंतु वडिलांचे आजारपण आडवे आले आणि आम्ही कायद्याकडे वळलो, अशी हकीकत घरात सर्वांस ठाऊक आहे. ही हकीकत खोटी नाही. वडील त्या वर्षी आजारी होतेच. पण ती खरीही नाही, आणि आज बावीस-चोवीस वर्षांनी ती जशी घडली तशी लिहून काढावी असे वाटते.

वाचकांपैकी बहुतेकांनी बैहरचे नावही ऐकलेले नसेल. मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा हा तालुका. खालच्या भाताच्या सपाटीवरून रस्ता सातपुड्याचा घाट चढू लागला, की दोन्ही अंगांस सालवृक्षांचे रान सुरू होते आणि वरच्या पठारावर आमचे गाव लागते. भोवताली गोंड व बैगा लोकांच्या वस्त्या, पलीकडे कान्ह्याचे अभयारण्य. पूर्वीच्या मध्यप्रांतात बालाघाट जिल्हा नागपूर विभागात मोडत असे. 1956 साली प्रांतरचना झाली तेव्हा विदर्भ तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. न्यायालयात आम्ही हिंदी बोलतो, घरात मराठी, आणि आजी होती तोवर देवघरात व स्वयंपाकघरात कोंकणी चालत असे. आजोबा मँगेनीजच्या एका खाणीच्या कचेरीत हिशेबनीस म्हणून आले आणि समुद्रकाठचे हे कुटुंब डोंगरात रुजले.

हा सारा मुलूखच निरिंद्रिय रसायनाचा आहे. बालाघाटाजवळची भरवेली काय, बालाघाट-बैहर रस्त्यावरील उकवा काय, दोन्ही ठिकाणी मँगेनीज निघते. बैहरहून तासाभराच्या वाटेवर मलाजखंड. तेथे तांब्याचे खनिज आहे, आणि 1982 पासून हिंदुस्थान कॉपर ह्या सरकारी कंपनीने डोंगरच्या डोंगर पोखरून तेथे प्रचंड उघडी खाण केली आहे. फर्मर नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने 1909 साली हिंदुस्थानातील मँगेनीजवर बाराशेंहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आमच्याकडील एका खडकास त्याने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले. जगातील भूशास्त्राचे विद्यार्थी ते नाव आजही घोकतात. ज्यांच्यावरून ते पडले त्यांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

आम्हांसही ते तेव्हा ठाऊक नव्हते. उकव्याचे काळे दगड आम्ही लहानपणापासून पाहिले होते. ट्रकमधून सांडलेले असे दगड रस्त्याच्या कडेस पडलेले असत. हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड लागे आणि बोटे काळी होत. आजोबांच्या मेजावर असा एक दगड कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असे. तो आम्ही पुष्कळदा हाताळला, पण तो 'विषय' आहे असे आम्हांस कोणी सांगितले नाही.

आजीपाशी मात्र रसायनाचे ज्ञान होते; फक्त त्यास ती ते नाव देत नसे. उत्सवाच्या आदल्या दिवशी समया, ताम्हन, पळी-पंचपात्र असे सारे ती चिंचेने नाहीतर गावाकडून आलेल्या आमसुलांनी घासावयास बसे. काळवंडलेले तांबे बघता बघता गुलाबी होई. आंबटाने धातूवरची काळी पुटे विरघळतात आणि खालचा शुद्ध धातू उघडा पडतो, हे तत्त्व आम्ही पुढे कॉलेजात शिकलो. आणि ह्याच तत्त्वाची दुसरी बाजू आमच्या आईने एकदा सोलकढी पितळेच्या भांड्यात ओतली तेव्हा तिने ऐकवली: "पितळेच्या आयदनांत आंबट दवरूं नाका गो!" आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणजे त्यात तांबे उतरते, आणि ते पोटास बाधते. म्हणून कल्हई. वर्षाकाठी कल्हईवाला येई, अंगणात भाता मांडी, तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि पितळेवर चांदी चढे. नवसागर कशासाठी, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "त्याशिवाय कथील धरत नाही." उत्तर बरोबर होते. नवसागर तापला म्हणजे त्यातून निघणारे आम्ल भांड्यावरचा मळ खाऊन टाकते, आणि स्वच्छ धातूवरच कथील बसते. ह्या नवसागराची आमची पुन्हा गाठ पडावयाची होती, म्हणून त्याचा उल्लेख केला.

कॉलेज आमच्या जिल्ह्याबाहेरचे होते. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शिक्षण हिंदीतून, पुस्तकात 'अकार्बनिक रसायन' असा शब्द. विषय शिकविला जाई तो पाठांतराचा म्हणून. आवर्तसारणीतील एकेक गट घ्यावयाचा, गुणधर्म, संयुगे, उपयोग, की झाले. सेंद्रिय रसायनात निदान साखळ्या व कड्या जुळविण्याची गंमत असे, भौतिक रसायनात गणित असे. निरिंद्रियात म्हणजे शंभरावर मूलद्रव्यांचा जणू जमाखर्च. परंतु आम्हांस तो आवडे, आणि त्याचे कारण होते प्रयोगशाळा.

विद्यार्थी ज्यास 'सॉल्ट' म्हणतात तो प्रकार वाचकांपैकी ज्यांनी शास्त्रशाखा घेतली असेल त्यांस आठवेल. कागदाच्या पुडीत एक अनोळखी क्षार मिळतो. त्यात कोणता धातू आहे हे पायरीपायरीने शोधावयाचे असते. पहिल्या गटाचा साका आम्लाने पाडावयाचा. तो पडला नाही तर दुसरा गट, मग तिसरा. प्रत्येक पायरीवर काही धातू गाळणीत अडकतात आणि बाकीचे खाली उतरतात. तिसऱ्या गटापूर्वी द्रावणात नवसागर घालावा लागतो. तो का, हे आम्हांस पाठ होते, पण उमगले नव्हते. अमोनियाचा जोर नवसागराने कमी होतो. इतका, की लोखंड व ॲल्युमिनियम खाली बसतात, परंतु मँगेनीज, जस्त ह्यांसारखे धातू द्रावणात तसेच राहून पुढल्या गटात जातात. नवसागर घातला नाही तर सारेच एकत्र कोसळतील आणि पुढे कोणाचा पत्ता लागणार नाही.

चौथ्या गटात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडावयाचा. सडक्या अंड्यांच्या त्या दुर्गंधीने कपडे भरून जात. साका काळा आला तर निकेल नाहीतर कोबाल्ट. पांढरा आला तर जस्त, म्हणजेच झिंक. आणि मळकट गुलाबी, कातडीच्या रंगाचा आला तर मँगेनीज.

आता मार्च 2001 कडे वळू. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रयोगशाळेतील नोकरास आदल्या दिवशी काही दिले म्हणजे पुडीत काय आहे ते तो सकाळी कानात सांगे, अशी तेथे चाल होती. आम्हांस क्षार ओळखता येत नव्हते असे नाही. वर्षभर आम्ही ते स्वतःच ओळखले होते. तरीही आम्ही त्याच्या हाती पन्नास रुपये ठेवले. सर्वांनी ठेवले होते, हे कारण आम्ही तेव्हा स्वतःस दिले. न्यायालयात अशी कारणे रोज ऐकतो म्हणून त्याचे मोल काय ते आम्हांस चांगले ठाऊक आहे.

नोकर कानाशी येऊन पुटपुटला, "झिंक सल्फेट."

आम्ही पुडी उघडली. चूर्ण पांढरे, जवळजवळ पांढरे. खिडकीच्या उजेडात धरले असते तर त्यावर गुलाबीची पुसट झाक दिसली असती. आम्ही धरले नाही. पहिला, दुसरा, तिसरा गट निरंक गेले. चौथ्या गटात वायू सोडला आणि साका आला. तो पांढरा नव्हता. मळकट गुलाबी होता, म्हणजे तो ज्याचा होता त्याचाच रंग घेऊन आला होता. आम्ही तो पाहिला. पाहून मनाशी म्हणालो, पाण्यात काही अशुद्धी असेल. आणि उत्तरपत्रिकेवर लिहिले: 'पांढरा साका'.

पुढची पायरी निर्णायक असते. साका आम्लात विरघळवून, उकळून, त्यात दाहक सोडा घालावयाचा. प्रथम पांढरा साका येतो. जादा सोड्यात तो विरघळला तर जस्त. विरघळला नाही आणि हवेत राहून तपकिरी पडू लागला तर मँगेनीज. आम्ही सोडा घातला. साका आला. जादा सोडा घातला. साका होता तेथेच राहिला. वेळ संपत आली होती. आम्ही नळी लाकडी घोडीवर ठेवली आणि लिहिले: 'जादा सोड्यात साका पूर्णपणे विरघळला. झिंक निश्चित.'

थोड्या वेळाने बाहेरून आलेले परीक्षक तोंडी परीक्षेसाठी आमच्या टेबलाशी आले. मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी आमची पत्रिका वाचली. मग घोडीकडे पाहिले. आम्हीही पाहिले. नळीतील साका वरच्या अंगाने चांगला तपकिरी झाला होता आणि तो रंग खाली खाली उतरत होता.

"कोठले तुम्ही?" त्यांनी हिंदीत विचारले.

"बैहरचा."

"म्हणजे येताजाता उकवा लागत असेल."

"होय."

त्यांनी पत्रिकेवर काही लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. रागावले नाहीत, एक शब्द अधिक बोलले नाहीत. नंतर कळले की सकाळच्या तुकडीच्या पुड्या दुपारी बदलल्या होत्या. नोकराचा काही दोष नव्हता; त्याने पन्नास रुपयांच्या मानाने प्रामाणिकपणे सांगितले होते. प्रात्यक्षिकात गुण गेले, पहिला वर्ग थोडक्यात हुकला, आणि जेथे प्रवेश हवा होता तेथील यादीत नाव लागले नाही. दुसरीकडे प्रयत्न करता आला असता. परंतु ज्याच्या दगडांवर आजोबांचे कागद दबून राहात, ज्याच्या पगारावर आमचे घर उभे राहिले, तो धातू समोर येऊन आपला रंग दाखवीत असताना आम्ही त्यास ओळख दिली नाही, ह्याची लाज अशी बसली की पुन्हा प्रयोगशाळेत पाऊल टाकवेना. वडील आजारी होते, हे निमित्त हाताशी होते. ते आम्ही वापरले.

पुढे वकिली सुरू झाली आणि तीच पत्रिका निरनिराळ्या हस्ताक्षरांत वारंवार समोर येऊ लागली. आरोपी आधी ठरतो, मग पंचनामा लिहिला जातो. साक्षीदारास काय पाहावयाचे होते ते ठाऊक असते, म्हणून त्याने ते पाहिलेले असते. अशा साक्षीत कोठेही अडखळ नसते. खऱ्या साक्षीत ती असते. उलटतपासणीत आम्ही बरे आहोत असे आमच्या तालुक्यात म्हणतात. त्याचे मूळ कोठे आहे हे आम्ही आजवर कोणास सांगितले नव्हते.

गेल्या दिवाळीत भाची आमच्याकडे आली. तिला उकव्याचा दगड हवा होता. वर्गात रासायनिक द्रव्ये बाटल्यांतून येतात, पण ज्या दगडातून ती निघतात तो कोणी पाहिलेला नाही, म्हणून मैत्रिणींस दाखवावयाचा होता. आजोबांच्या मेजावरचा दगड अजून होता. तो आम्ही तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला, वजन पाहून भुवया उंचावल्या, आणि मग तास दीड तास ती जे बोलत बसली ते ऐकून आम्हांस असे वाटले, की आम्ही ह्या शास्त्राच्या ओसरीवरूनच परत फिरलो होतो.

आमच्या वेळचे पाठांतर तिच्या तोंडी कारणांसह येत होते. मँगेनीजचा क्षार इतका फिका गुलाबी का, हे तिने सांगितले. ह्या धातूच्या कणात बाहेरच्या अंगास पाच इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांस बसावयास पाचच जागा. प्रत्येक जण आपापल्या जागी एकाच दिशेने फिरत बसलेला. प्रकाश शोषून घेऊन एकाने जागा बदलावयाची तर त्यास आपली फिरण्याची दिशा उलटवावी लागते, आणि तशी उडी नियमाने निषिद्ध आहे. आम्ही विचारले, निषिद्ध असेल तर रंग मुळीच दिसू नये. ती हसून म्हणाली, "मामा, निषिद्ध म्हणजे होतच नाही असे नव्हे. फार क्वचित होते. म्हणून रंग आहे, पण पुसट." वकिलास हे समजावयास जड गेले नाही.

मग तिने परमँगनेटचे सांगितले. विहिरीत टाकावयाचे ते लाल औषध. त्यातही मँगेनीजच, परंतु त्याचे ते पाचही इलेक्ट्रॉन उरलेले नसतात. उडी मारावयास कोणी नाही, तरी रंग इतका गडद की चिमटीभराने बादली जांभळी होते. तेथे प्रकाशाच्या बळाने शेजारच्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन धातूकडे धाव घेतो, आणि ह्या धावेस नियमाची आडकाठी नाही.

तिच्या अभ्यासक्रमातील एक वाद तिने आम्हांस मुद्दाम सांगितला. त्यात आम्हांस न्यायालयाचा वास येईल असे तिला वाटले असावे. कोबाल्टचे क्षार अमोनियाशी मिळून चमत्कारिक संयुगे देतात, पिवळी, जांभळी, हिरवी. त्यांची रचना कशी असावी ह्यावर कोपनहेगनचे यॉर्गेन्सेन आणि झ्युरिकचे आल्फ्रेड वेर्नर ह्यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. यॉर्गेन्सेन जुने, नाणावलेले. त्यांच्या मते अमोनियाचे कण साखळीसारखे एकापुढे एक जोडलेले. वेर्नर ह्यांनी 1893 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मांडले की धातू मध्यभागी आणि सहा सोबती त्याच्या सहा अंगांस. वेर्नर ह्यांच्याजवळ सुरुवातीस स्वतःचे प्रयोग फारसे नव्हते. त्यांनी आपला पक्ष मांडला तो मुख्यतः यॉर्गेन्सेन ह्यांनीच केलेल्या प्रयोगांच्या नोंदींवर. यॉर्गेन्सेन ह्यांचा निष्कर्ष चुकला होता. नोंद कोठेही चुकली नव्हती. 1907 साली वेर्नर ह्यांनी, आपले मत खरे असेल तर असावयास हवा असा, एक जांभळा क्षार करून दाखविला, तेव्हा यॉर्गेन्सेन ह्यांनी वाद सोडून दिला. 1913 साली वेर्नर ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्ही बराच वेळ गप्प राहिलो. आपल्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी ज्याने जशाच्या तशा लिहून ठेवल्या, असा पक्षकार आम्हांस आजवर भेटलेला नाही. आणि निष्कर्ष चुकीचा व नोंदही खोटी, अशी एक पत्रिका आम्ही स्वतः लिहिली होती.

"मामा, तुम्ही रसायन का सोडलेत?" तिने विचारले. हा प्रश्न तिने पूर्वीही विचारला होता आणि त्याचे उत्तर तिला पाठ होते. ह्या वेळी आम्ही ते दिले नाही. नोकर, पन्नास रुपये, झिंक, घोडीवरची नळी, परीक्षकांचा प्रश्न, सारे सांगितले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनेही ते प्रथमच ऐकले.

भाचीने धीर देणारे काही म्हटले नाही, आणि ते आम्हांस बरे वाटले. ती म्हणाली, "चौथ्या गटातला साकासुद्धा थोडा वेळ हवेत ठेवला असता तर तपकिरी पडला असता. सोड्यापर्यंत जायची गरजच नव्हती." मग थोड्या वेळाने, "आणि ती नळी? तिचे काय केलेत?"

परीक्षा संपल्यावर नळ्या धुऊन द्याव्या लागत. आम्ही ती नळाखाली धरली, ब्रश फिरविला, पुन्हा धरली. काचेवर तपकिरी डाग राहिला तो राहिलाच. शेवटी तशीच ठेवून आलो.

"तो पाण्याने जात नाही, मामा. ऑक्झॅलिक आम्ल लागते," ती म्हणाली, आणि दगड वर्तमानपत्रात गुंडाळू लागली.

बहिणीने आतून विचारले की हा दगड नेमका कशाचा. भाची तिला सांगू लागली. कामठीचे एक खाणमालक, रावबहादुर लक्ष्मीनारायण, ह्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठास सुमारे 35 लाख रुपये दिले आणि त्यांतून 1942 साली रसायनाची संस्था उभी राहिली. अमरावती रस्त्यावर तिची इमारत आहे, तिच्यावरून ती रोज वर्गाला जाते. बहीण म्हणाली, "असे होय!" आणि फराळाचा डबा बांधावयास घेतला. सकाळच्या बालाघाटच्या बसने तिला परत जावयाचे होते. पिशवी फार जड झाली म्हणून डबा वर आणि दगड खाली, अशी व्यवस्था आम्ही स्वतः करून दिली. बस उकव्यावरून जाते. त्या सुमारास ती जागी असेल काय, असा विचार आम्ही न्यायालयाच्या वाटेवर करीत होतो.